तीस अक्षरांची साठ करायला सात आठवडे

प्रश्न थोडक्यात असा: दहा-बारा जणांच्या कंपनीत तीन वर्षं काम झालंय, आता हजारो इंजिनिअर असलेल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर हातात आहे. तिथे रोजचं काम कसं असतं, नुसत्या मीटिंगच असतात का, आणि शिकायला मिळतं की माणूस गंजून जातो?

मी स्वतः आठ जणांच्या कंपनीतून मोठ्या कंपनीत गेले. त्यानंतरची सतरा वर्षं अशा तीन कंपन्यांत काढली, आधी इंजिनिअर म्हणून आणि पुढे टीम लीड म्हणून. त्यांची नावं घेत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत.

पहिल्या कंपनीतलं माझं पहिलं टिकेट, म्हणजे कामाची नोंद केलेली चिठ्ठी, अजून लख्ख आठवतं. ग्राहकाच्या नावाच्या रकान्यात तीसच अक्षरं मावायची. लांब नावाच्या माणसाचं आडनाव मध्येच तुटायचं आणि तो चिडून तक्रार करायचा. टिकेटवर एवढंच होतं: मर्यादा ६० करा. मी फाइल उघडली, ३० खोडून ६० लिहिलं, टेस्ट चालवल्या, सगळ्या हिरव्या. जेवायच्या आधी बदल रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्या इंजिनिअरने तपासायला, टाकला आणि मनात म्हटलं, चला, पहिल्याच आठवड्यात एक काम हातावेगळं.

रिव्ह्यूवर एकच ओळ आली. ‘हे नाव पुढे कोण कोण वाचतं?’

मला प्रश्नच कळेना. आमच्या आठ जणांत असं कधी कुणी विचारलं नव्हतं. वाचणारे सगळे एकाच खोलीत बसायचे. मग शोधत बसले. बिल छापणारी टीम वाचत होती, त्यांना अडचण नव्हती. पार्सलवरचं लेबल छापणारी टीम वाचत होती. त्यांच्याकडे लांब नाव दुसऱ्या ओळीवर जायचं आणि ती ओळ थेट बारकोडवर चढायची, म्हणजे स्कॅनर आंधळा. खरी गंमत तिसरीकडे होती. रोज रात्री एक मजकुराची फाइल तयार होऊन कुठल्याशा जुन्या रिपोर्टिंग प्रणालीत जात होती. त्या फाइलीत रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम वगैरे काही नाही, जागा मोजून ठरवलेल्या: पहिल्या तीस जागांत नाव, एकतिसाव्या जागेपासून खाते क्रमांक. माझं साठ अक्षरांचं नाव तिथे पोचलं असतं तर आडनावाचा शेपटा खाते क्रमांकाच्या जागी जाऊन बसला असता. एरर आली नसती. महिनाअखेरीचे आकडे तेवढे चुकले असते आणि ते का चुकले हे शोधायला दुसरा महिना गेला असता.

ती फाइल लिहिणारा कोड ज्याने लिहिला त्याने दरम्यान दोनदा टीम बदलली होती. तीन जणांना विचारत विचारत मी त्याच्यापर्यंत पोचले. तो म्हणाला, ‘ते अजून चालू आहे?’

सात आठवडे लागले. त्यातली कोड लिहिण्याची वेळ सगळी मिळून दीड दिवस. लेबलवाल्यांनी ‘पुढच्या तिमाहीत बघू’ म्हटलं, तेव्हा मीच त्यांच्या कोडमध्ये बदल करून त्यांना रिव्ह्यूला पाठवला. ही युक्ती तेव्हा शिकले ती आजतागायत वापरते: दुसऱ्या टीमला काम सांगितलं की ते रांगेत लागतं, तयार बदल पाठवला की ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढंच त्यांना म्हणायचं उरतं. शेवटी बदल आधी एक टक्का ग्राहकांना, मग दहा टक्क्यांना, मग सगळ्यांना खुला केला. आणि काहीही झालं नाही. कुणाचा फोन नाही, कुणाची मेल नाही. तक्रारी तेवढ्या बंद झाल्या.

तर रोजचं काम हे असं असतं. छोट्या कंपनीत तुमचा कोड कुणावर अवलंबून आहे आणि कोण त्याच्यावर, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. मोठ्या कंपनीत ते कुणालाच पूर्ण माहीत नसतं, आणि दिवसाचा मोठा भाग ते शोधण्यात जातो. आकाराचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. गूगलच्या इंजिनिअरांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार, जानेवारी २०१५ मध्ये त्यांच्या एकाच सामायिक रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या कोठारात, सुमारे २ अब्ज ओळींचा कोड होता, त्यावर २५,००० च्या वर डेव्हलपर काम करत होते आणि कामाच्या साधारण दिवशी माणसं १६,००० बदल टाकत होती, शिवाय स्वयंचलित साधनं आणखी २४,०००. एवढ्या गर्दीत ‘मी एकच ओळ बदलली’ या वाक्याला फारसा अर्थ राहत नाही.

मीटिंगबद्दल तुम्ही विचारलंय. होय, असतात, आणि पुष्कळ असतात. नव्या इंजिनिअरला आठवड्याच्या चाळीस तासांतले वीस-बावीस तरी कोडसाठी मिळतात. मी लीड होते तेव्हा माझ्या वाट्याला सहा यायचे, तेही तुकड्यातुकड्यांनी. पण सगळ्या मीटिंग एका मापाने मोजू नका. ज्या मीटिंगमध्ये ‘हे कोण वाचतं’ या प्रश्नाचं उत्तर मिळतं ती सात आठवड्यांची पाच करते. ज्या मीटिंगमध्ये बारा जण आपापली प्रगती वाचून दाखवतात आणि अकरा जण कॅमेरा बंद करून मेल बघतात, तिला मी सरळ जायचं बंद केलं. सुरुवातीला धास्ती वाटली. दोन महिन्यांनी कुणीतरी विचारलं, ‘तू येत नाहीस का हल्ली?’ बस, एवढंच.

प्रोसेसचंही तसंच. पहिल्या वर्षी प्रत्येक मंजुरी, प्रत्येक चेकलिस्ट मला मूर्खपणा वाटायची. पुढे लक्षात आलं की त्यातल्या निम्म्या तरी जुन्या जखमांचे व्रण आहेत. हे जगजाहीर उदाहरण घ्या. २८ फेब्रुवारी २०१७ ला अॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेत बिलिंगचं काम संथ चाललं होतं, त्याचा तपास चालू होता. एका इंजिनिअरने ठरलेल्या पद्धतीनुसार थोडे सर्व्हर बाजूला काढणारी कमांड दिली. कमांडमध्ये एक मूल्य चुकीचं टाइप झालं आणि हवे होते त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. ज्या उपप्रणाली त्यामुळे बसल्या त्यांचं पूर्ण रीस्टार्ट मोठ्या विभागांत कित्येक वर्षांत झालंच नव्हतं, त्यामुळे सगळं रुळावर यायला चार तासांच्या वर गेले. सेवा चालू आहे की बंद हे लोकांना सांगणारं पानच एस-थ्रीवर अवलंबून होतं, म्हणून सुरुवातीला तेही बदलता येईना. कंपनीने नंतर जाहीर केलेल्या निवेदनात त्या इंजिनिअरचं नाव नाही. कमांडमध्ये काय सुधारलं ते आहे: आता ती सर्व्हर हळूहळू काढते आणि किमान क्षमतेच्या खाली जाऊ देत नाही. उद्या तिथे कुणी नवा माणूस रुजू होईल आणि म्हणेल, ही कमांड इतकी संथ का? त्याचं उत्तर त्या मंगळवारात आहे.

उरलेल्या निम्म्या प्रोसेस मात्र कुणीतरी प्रमोशनसाठी आणलेल्या आणि कुणीही न काढलेल्या असतात. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. मी विचारते, ‘हे कधीपासून आणि कशामुळे सुरू झालं?’ समोरच्याने प्रसंग सांगितला तर गप्प बसते. ‘आधीपासून असंच आहे’ म्हणाला तर ते काढता येतं का बघते. सतरा वर्षांत असे दोन फॉर्म काढून टाकले. माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यांत लोकप्रिय काम कदाचित तेच असेल.

कोड रिव्ह्यू हा मोठ्या कंपनीतला सगळ्यांत चांगला आणि सगळ्यांत त्रासदायक भाग. चांगला अशासाठी की तुमची प्रत्येक ओळ तुमच्याहून जाणत्या माणसाच्या नजरेखालून जाते, आणि बाहेर कुणी पैसे घेऊनही असं शिकवणार नाही. त्रासदायक अशासाठी की तो जाणता माणूस सुटीवर असतो. व्हेरिएबलच्या नावावरून तीन दिवस वाद घालणारेही भेटतात. लहान बदल पाठवा, पन्नास-शंभर ओळींचे. हजार ओळींचा बदल कुणी वाचत नाही, खाली स्क्रोल करतात आणि ‘छान आहे’ म्हणून मंजूर करतात. हल्ली एआयची साधनं कोड भराभर लिहून देतात, पण त्याने माझ्या टीमचं काम दुप्पट वेगाने काही पुढे गेलं नाही. रिव्ह्यूची रांग तेवढी लांबली. लिहिणं हे अडण्याचं ठिकाण मुळात नव्हतंच.

कोडपेक्षा जास्त मी मजकूर लिहिला, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. काही मोठं करायचं तर आधी डिझाइन डॉक: काय करायचंय, का, दुसरे कोणते मार्ग होते, ते का नाकारले, बिघडलं तर मागे कसं यायचं. लोक त्यावर समासात टिपा टाकतात आणि तिथेच निम्मी भांडणं मिटतात. अॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकलं आणि त्याजागी सलग गद्यात लिहिलेले, जास्तीत जास्त सहा पानांचे मसुदे आणले. बैठकीच्या सुरुवातीला सगळे जण तो मसुदा मुकाट्याने वाचतात. मला ही पद्धत पटते. स्लाइडवरच्या चार बुलेटांच्या फटींतून वाईट कल्पना सहज निसटते. पूर्ण वाक्यात लिहायला बसलं की आपल्यालाच कळतं, अरे, इथे ‘म्हणून’ लिहिलंय खरं, पण वरच्या वाक्यातून हे निघतच नाही. तुमचं इंग्रजी जेमतेम असेल तर बिचकू नका. अलंकारिक कुणालाच नको असतं, छोटी सरळ वाक्यं हवी असतात.

आता ऑन-कॉल. ऑफर देताना याबद्दल कमीत कमी बोलतात, म्हणून इथे जरा थांबते.

सेवा चोवीस तास चालते, म्हणून टीममधल्या लोकांची पाळी लागते. साधारणपणे एकेक आठवडा फोन तुमच्याजवळ. काही बिघडलं की तो वाजतो, रात्र असो वा दुपार. सेवा किती वेळ चालू राहील याचं एक लक्ष्य ठरलेलं असतं. ९९.९ टक्के ऐकायला जवळपास शंभर वाटतं, पण हिशोब केला तर तीस दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. ९९.९९ म्हटलं की चार मिनिटं आणि काही सेकंद. तेवढ्यात माणूस उठून चष्मा शोधून लॅपटॉप उघडेपर्यंत मुभा संपलेली.

माझ्या दुसऱ्या कंपनीत आमची सेवा दुसऱ्या एका सेवेला माहिती विचारायची आणि उत्तरासाठी दोन सेकंद थांबायची. पान उघडायला वेळ लागतो अशी ओरड होती, म्हणून मी ते थांबणं अर्ध्या सेकंदावर आणलं. उत्तर आलं नाही तर आणखी तीनदा विचारायचं, हे आधीपासूनच होतं. बदल एक टक्क्यावर ठेवला, दहावर नेला, सगळे आलेख सपाट. बुधवारी शंभर टक्के केला. त्याच रात्री दोन चाळीसला फोन वाजला. त्या आठवड्याची पाळीही माझीच होती.

झालं होतं असं की रात्री अडीचला समोरच्या सेवेवर रोज एक जड काम सुरू व्हायचं आणि एरवी अर्ध्या सेकंदाच्या आत येणारी तिची उत्तरं पाऊण सेकंदाने यायला लागायची. कालपर्यंत आम्ही दोन सेकंद थांबत होतो, त्यामुळे कुणाला पत्ताही नव्हता. आता आमचा प्रत्येक सर्व्हर अर्ध्या सेकंदात कंटाळायचा आणि पुन्हा विचारायचा. पुन्हा. आणि पुन्हा. एका प्रश्नाचे चार झाले. आधीच दमलेल्या सेवेवर चौपट भार पडला, ती आणखी हळू झाली, मग प्रत्येक प्रश्नाचे पूर्ण चार. आमच्याबरोबर तिच्यावर अवलंबून असलेल्या इतर पाच टीमही आडव्या झाल्या. दहा टक्क्यांवर हे दिसलं नाही, कारण तेवढा जादा भार ती सहज सोसत होती.

आलेखावर ती भिंतीसारखी चढलेली रेघ बघितली आणि पोटात गोळा आला. बदल माझाच, हे मला दोन मिनिटांत कळलं होतं, तरी दहा मिनिटं मी दुसरं काही कारण सापडतंय का ते बघत होते. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. शेवटी सामायिक चॅनलवर लिहिलं, ‘बहुधा माझा दुपारचा बदल. मागे घेतेय.’ दुसऱ्या टीमचा एक जण, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं, त्याने लगेच लिहिलं, ‘तू मागे घे, तोवर आम्ही आमच्या बाजूने तुमचे प्रश्न कमी करतो.’ एकूण ४७ मिनिटं. महिन्याची सगळी मुभा आणि वर चार मिनिटं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेम, म्हणजे बिघाड कसा झाला याची लेखी चिकित्सा, लिहायचं होतं. मला वाटलं होतं, गेली नोकरी. त्या दस्तऐवजात माझ्या नावाऐवजी ‘बदल करणारी व्यक्ती’ असं होतं, आणि चर्चा झाली ती वेगळ्याच गोष्टींवर: पुन्हा विचारण्याला एकूण मर्यादा का नाही, दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढत का जात नाही, आणि रात्रीचं ते जड काम आमच्या चाचणीत का नाही. पाच सुधारणा ठरल्या. तीन झाल्या. दोन मी ती कंपनी सोडली तेव्हाही बॅकलॉगमध्येच, म्हणजे राहिलेल्या कामांच्या यादीतच, होत्या, प्राधान्य ‘मध्यम’.

सगळीकडे असंच वागवतात असं नाही. माझ्या तिसऱ्या कंपनीत कागदावर हेच धोरण होतं, पण मीटिंगमध्ये एक वरिष्ठ साहेब पहिला प्रश्न विचारायचे, ‘कुणी केलं?’ सहा महिन्यांत लोक चुका लपवायला शिकले आणि बिघाड लांबायला लागले. टीम निवडताना पगारानंतर मी सगळ्यांत आधी हेच बघते.

आता पैसे आणि बढतीबद्दल. मोठ्या कंपनीत लेव्हल असतात आणि प्रत्येक लेव्हलच्या अपेक्षा लिहिलेल्या असतात. वर्षातून एकदा-दोनदा मॅनेजर मंडळी बंद खोलीत बसून आपापल्या माणसांची तुलना करतात. तुम्ही त्या खोलीत नसता. तुमच्या वतीने तुमचा मॅनेजर दोन-चार मिनिटं बोलतो. तेवढ्यात त्याला काय सांगता येईल यावर बरंच ठरतं, आणि यात एक अन्याय मुळापासूनच आहे. आमच्या टीममधल्या एकाने वर्षभर खपून बिल्डची, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार होण्याची, वेळ चाळीस मिनिटांवरून अकरावर आणली. शे-दीडशे लोकांचा रोजचा वेळ वाचला. त्याची बढती अडली, कारण ‘नवीन काय केलं?’ याचं उत्तर नव्हतं. त्याच फेरीत बढती मिळाली ती एक नवं साधन बनवणाऱ्याला. ते साधन तीन लोक वापरत होते आणि त्यातला एक तो स्वतः. नवं बांधणाऱ्याला टाळ्या, जुनं सांभाळणाऱ्याला ‘आभारी आहोत’. मोठ्या कंपन्या एकच काम करणारी तीन-तीन साधनं का काढतात आणि दोन वर्षांत का बंद करतात, याचं कोडं तुम्हाला पडलं असेल तर त्याचा एक मोठा भाग इथे सुटतो.

हे बदलणं तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात एवढंच की एक वही ठेवा. दर शुक्रवारी दहा मिनिटं: या आठवड्यात काय केलं, त्याने कुणाचं काय सोपं झालं, आकडा असेल तर आकडा. वर्षाने मॅनेजरला ती द्या. आपल्याकडे स्वतःचं काम स्वतः सांगायचा संकोच असतो, माझाही होता. पण मॅनेजरच्या लक्षात राहील या भरवशावर बसलात तर तो दरम्यान बदललेला असेल. एका कंपनीत तीन वर्षांत माझे पाच मॅनेजर झाले. लोकांना ठरावीक टक्केवारीत बसवून काहींना मुद्दाम खालचा शेरा देण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली, पण अशा पद्धती कुठे ना कुठे वेगळ्या नावाने परत उगवतात. मुलाखतीत विचारायला लाजू नका.

पगाराबरोबर मिळणाऱ्या कंपनीच्या शेअरबद्दल एकच. ऑफरमधला मोठा आकडा बहुतेकदा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हातात पडतो, आणि पुष्कळ ठिकाणी पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच मिळत नाही. चौथ्या वर्षाअखेर जुने शेअर संपतात आणि नवे पुरेसे मिळाले नसतील तर कमाई चक्क खाली येते. चारने भागून, पहिल्या आणि पाचव्या वर्षाचा हिशोब मांडूनच काय ते ठरवा.

रीऑर्गबद्दल, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत फेररचनेबद्दल, ऐकलं असेलच. सकाळी मेल येते आणि तुमची टीम दुसऱ्या विभागाखाली गेलेली असते. खुर्ची तीच, कोड तोच, उद्दिष्टं नवी. संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ साली मांडलं होतं की एखादी संस्था जी प्रणाली घडवते तिची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेसारखीच होते. याचं मी पाहिलेलं सगळ्यांत हास्यास्पद उदाहरण म्हणजे एकाच पानावर शोधायच्या दोन चौकटी, वर एक आणि डावीकडे एक, दोघींची उत्तरं वेगळी. ग्राहकांना वाटायचं यामागे काहीतरी खोल विचार असेल. विचार एवढाच होता की दोन टीम दोन वेगळ्या डायरेक्टरांच्या हाताखाली होत्या. पुढच्या रीऑर्गमध्ये त्या एकत्र आल्या आणि चार महिन्यांत एक चौकट गेली.

आणि लेऑफ, म्हणजे नोकरकपात. मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित, हा समज आता सोडा. जानेवारी २०२३ या एका महिन्यात गूगलने सुमारे १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० जागा कमी करत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० च्या वर लोक काढले होते. कुणाचं नाव यादीत येतं याचा तुमच्या कामाशी संबंध असेलच असं नाही. आख्खा प्रकल्पच बंद होतो आणि त्यातले हुशार-मठ्ठ सगळे एकदम जातात. मी दोनदा यादीबाहेर राहिले, आणि दोन्ही वेळा माझ्याहून चांगले लोक गेले. त्या सकाळी चॅटवर मित्राचं नाव करडं झालेलं दिसतं, आणि दुपारी त्याने मंजुरीसाठी पाठवलेला बदल तुमच्या रांगेत तसाच पडलेला असतो. तो मंजूर करावा की नाही, हेसुद्धा सुचत नाही. मी मंजूर केला. चांगला बदल होता.

शिकायला मिळतं का? मिळतं, पण छोट्या कंपनीत मिळतं ते नाही. तिथे तुम्ही डेटाबेसपासून बटणाच्या रंगापर्यंत सगळं केलं असेल. इथे एकाच गोष्टीत खोल उतराल. मला एकदा टाइम झोनचा एक विचित्र बग दिसत होता. आतल्या शोधात सापडलं की तो ज्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, होता तिचा मूळ लेखक आमच्याच कंपनीत आहे. त्याला लिहिलं. त्याने तासाभरात उत्तर दिलं, शिवाय वीस वर्षांपूर्वी तो निर्णय तसा का घेतला तेही सांगितलं. असं भाग्य आठ जणांच्या ऑफिसात नसतं. दहा लाख लोक एकाच क्षणी एक बटण दाबतात तेव्हा काय होतं, हेही पुस्तकातून कळत नाही.

गंजण्याची भीतीही खोटी नाही. मोठ्या कंपन्यांची बिल्डची, तैनातीची, देखरेखीची साधनं बहुतेक घरचीच असतात आणि फार सुंदर असतात. बाहेर ती नसतात. दहा वर्षांनी पहिली कंपनी सोडली तेव्हा साधा प्रोजेक्ट शून्यातून उभा करायला मला दोन दिवस लागले, कारण इतकी वर्षं ते सगळं दुसरी कुणीतरी टीम करून देत होती. यावर माझा उपाय साधाच आहे. वर्षातून एखादी छोटी गोष्ट बाहेरच्या साधनांनी घरी बनवते. कुणी वापरत नाही ती.

ऑफर स्वीकारायच्या आधी कंपनीबद्दल कमी आणि टीमबद्दल जास्त विचारा, कारण एकाच इमारतीत एक टीम रोज रिलीज करते आणि दुसरी तिमाहीतून एकदा, तेही हात जोडून. रिक्रूटरला नको, टीममधल्या इंजिनिअरला विचारा. शेवटी रुजू झालेल्या माणसाचा पहिला बदल किती दिवसांत प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या ग्राहकांपर्यंत, गेला? ऑन-कॉलची पाळी किती आठवड्यांनी येते आणि गेल्या पाळीत रात्री किती वेळा उठावं लागलं? दोन वर्षांत मॅनेजर किती झाले? तुमच्या वेळेला रात्री पडणाऱ्या मीटिंग आठवड्यात किती? आणि शेवटी, तुमच्या हातून झालेला सगळ्यांत मोठा बिघाड कोणता?

या शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसून खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, ‘थांबा, हे जरा लांबचं आहे,’ तर मी त्या टीमला होकार देते. ‘आमच्याकडे तसं काही होत नाही’ असं उत्तर मला एकदाच मिळालं. ती माझी तिसरी कंपनी.